मर्टलसाठी तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

आमच्या नॉर्डाल गावात, इथं अमेरिकेतल्या मिनेसोटात, कुणी कुणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. अगदीच वेळ आली तर 'बघू या', 'वेगळंच आहे नाही?' किंवा 'तुम्हाला उगाच त्रास' असं काहीतरी पुटपुटायचं आणि समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं. पण 'हो'सुद्धा आम्ही लगेच म्हणत नाही. कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'नको, उगाच कशाला', आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप.' पहिल्या विचारण्यालाच हो म्हणणारा माणूस एकतर हावरट असतो, नाहीतर बाहेरगावचा. रविवारी चर्चच्या तळघरात वड्यांचा ट्रे फिरतो, त्यातली शेवटची वडी उचलायची कुणाची छाती होत नाही. जो तो तिचा अर्धा तुकडा कापून घेतो, पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी चिमणीला पुरेल एवढा चुरा उरतो.

या सगळ्यात मी उस्ताद. आयुष्यभर शाळेची बस चालवली, गावातली निम्मी माणसं लहानपणी माझ्या बसमध्ये मागच्या बाकावर दंगा करून गेली, पण मी कुणावर ओरडलो नाही. आरशात बघून फक्त 'हं' म्हणायचो. माझी बायको आर्डिस म्हणते की मला पाठीचा कणा दिला होता, पण तो मी कुणीतरी मागितला म्हणून देऊन टाकला.

तर सप्टेंबरात एका सकाळी लव्हॉनचा फोन आला. लव्हॉन म्हणजे चर्चच्या कॉफीची आणि गावातल्या बातम्यांची व्यवस्था बघणारी बाई.

"ओरिन, तू कामात असशील ना?"

"नाही, विशेष काही नाही."

"ते कोपऱ्यावरचे भाडेकरू गेले बघ परवा. त्यांची मांजर मागच्या पायरीवर बसून आहे. म्हणजे, तू जायलाच हवंस असं काही नाही हं. मी आपलं सांगितलं."

आमच्याकडे याचा अर्थ 'अजून निघाला नाहीस?' असा होतो. मी निघालो.

राखाडी रंगाची, पांढऱ्या हनुवटीची, बऱ्यापैकी गुबगुबीत मांजर बंद दाराकडे तोंड करून बसली होती. खिडक्यांचे पडदेसुद्धा काढून नेले होते त्या लोकांनी. गळ्यात गुलाबी पट्टा, त्यावर 'मर्टल' असं नाव. नाव घालून देण्याइतकं प्रेम आणि मागे सोडून जाण्याइतकी घाई, दोन्ही एकाच घरात कसं मावलं कोण जाणे. मी तिला उचलली तशी तिनं माझ्या अंगठ्यात दात रुतवले. मी "हं" म्हणालो.

घरी येऊन आर्डिसला म्हटलं, "बघ, काय वळण आहे हिला! चावली, पण एक ओरखडा नाही काढला. चांगल्या घरातली दिसते."

आर्डिस उत्तर देणार होती, पण तिला शिंका आल्या. एकामागून एक, आणि मग डोळे सुजले. आर्डिसला मांजराचं वावडं आहे. मनाला नाही, नाकाला. त्यामुळे मर्टलची रवानगी गॅरेजमध्ये झाली आणि तिच्यासाठी घर शोधणं माझ्या गळ्यात पडलं.

तिच्या त्या वळणाचं कौतुक मी गावभर केलं. पोस्टात, चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर. असली शांत मांजर, हाताला कधी नख लागू देत नाही, अगदी आपल्यातलीच! मग तिला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मेरिबेथ, हीसुद्धा माझ्याच बसची. तिनं मर्टलचा पंजा हलकेच दाबला, मर्टलनं तिच्या बाहीचा चावा घेतला, आणि मेरिबेथनं मला जवळ बोलावलं.

"मिस्टर टोस्ट्रुड, हिला नखंच नाहीत."

"कापलीत वाटतं."

"कापली नाहीत, काढलीत. पुढच्या पायांच्या प्रत्येक बोटाचं शेवटचं हाडच काढून टाकलंय. आपल्या बोटांची टोकं छाटावीत तसं."

"अरे बापरे. कशासाठी पण?"

"सोफा खराब होऊ नये म्हणून," ती म्हणाली. "म्हणून ती चावते. तिच्याकडे आता तेवढंच उरलंय. झाडावर चढता येणार नाही, कुत्रा आला तर लढता येणार नाही, म्हणून बाहेर सोडायचं नाही. आणि मांजराच्या शू-शीच्या पेटीत ते खडे असतात ना, ते तिच्या पंजांना टोचतात. मग ती मऊ जागा शोधून तिथं शू करते. खड्यांऐवजी फाडलेले वर्तमानपत्राचे कागद ठेवा. उंचावर जायचं असेल तर मध्ये स्टूल वगैरे ठेवा. आणि जे कोणी तिला घेतील त्यांना हे सगळं स्पष्ट सांगा बरं का."

मी हो म्हटलं. गावभर जिच्या संस्कारांचे पोवाडे गायले, तिची नखं काढून घेतलेली होती, हे कळल्यावर मला इतकी लाज वाटली की घरी येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. मग गॅरेजमध्ये गाडीत बसून तिची माफी मागितली. तिनं माझ्या बुटाची नाडी चावली.

त्या रविवारी चर्चच्या तळघरात मी बोरघिल्डला विचारलं. बोरघिल्ड आमोट शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती, आता निवृत्त. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. बहिणीबरोबर राहायची, ती बहीण गेल्या हिवाळ्यात गेली. अख्ख्या गावात सरळ बोलणारी ही एकटीच. एकदा भर बैठकीत पास्टरला म्हणाली होती, "तुमचं प्रवचन लांबतं आणि माझे बटाटे करपतात." त्यानंतर प्रवचन आटोपशीर झालं आणि सगळ्यांनी मनातल्या मनात तिचे आभार मानले.

"बोरघिल्ड, तुला मांजर नको असेल ना?" मी आमच्या रीतीनं विचारलं.

"मला? मला कशाला मांजर या वयात? पोराबाळांच्या घरात दे."

झालं. बोरघिल्ड नाही म्हणाली म्हणजे नाही. पुढे पोस्टात भेटली तेव्हा तिनंच विषय काढला. "आहे का अजून ती?"

"आहे. घेतेस?"

"छे! माझं घर ते केवढंसं."

दोनदा विचारून झालं. दुसऱ्या कुणाला असतं तर मी तिसऱ्यांदा विचारलंच असतं, नाहीतर तो अपमान होतो. पण ही बोरघिल्ड. पास्टरला न घाबरणारी बाई माझ्यासारख्या बसवाल्याची भीड कशाला धरेल? हिला हवी असती तर हिनं 'आण इकडे' म्हणून हुकूम सोडला असता. मी हे सगळं तेव्हा अगदी हुशारीनं ठरवलं, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे माझी हुशारी तुम्हाला दिसणारच आहे.

मर्टल आधी गेली वेंडेलकडे. वेंडेल धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळतो, भला माणूस आहे. "काही त्रास नाही ना तिचा?" त्यानं विचारलं. मेरिबेथनं सांगितलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "थोडी हळवी आहे." चावणं, शू, कागद, पंजे, सगळं मी या एका शब्दात कोंबलं आणि गाडीत बसलो.

थोड्याच दिवसांत वेंडेलच्या घराबाहेर एक कोरी करकरीत गादी भिंतीला टेकवलेली दिसली. त्याच संध्याकाळी वेंडेल दारात. एका हातात पेटीत बसलेली मर्टल, दुसऱ्या हातात भाजलेल्या खिमा-बटाट्याचा ट्रे.

"फार छान मांजर आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "फारच छान. आम्हाला वाटलं, तिला तुझी आठवण येत असेल."

"गादी..." मी म्हणालो.

"हवा खायला ठेवलीय," वेंडेल म्हणाला.

पुढे आम्ही दारात उभं राहून बराच वेळ हवामानावर बोललो. तो गेल्यावर आर्डिसनं ट्रे उचलला आणि माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. म्हणजे आता तिला केक करणं आलं.

"मांजर परत येते ती येते," ती शिंकत म्हणाली, "आणि वर ओव्हनपाशी मी उभी! त्याला सांगितलं होतंस का सगळं?"

"सुचवलं होतं."

"तू सुचवलंस की झालंच!"

मग लव्हॉननं नेली. खरं तर तिला नको होती, पण चर्चमध्ये सगळ्यांसमोर मी तिला तीनदा विचारलं, आणि तिसऱ्या वेळेनंतर नाही म्हणायला आमच्या भाषेत शब्द नाही. तिलाही मी 'हळवी'च सांगितलं. त्यात 'जरा चोखंदळ' एवढी भर घातली. मर्टलनं तिथं सगळं घर हिंडून एकच मऊ वस्तू निवडली, ती म्हणजे लव्हॉनच्या नवऱ्याचं, ड्वेनचं, हरणाच्या शिकारीचं जाकीट. ते कोनाड्यात घडी करून ठेवलेलं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. नोव्हेंबरात शिकार सुरू झाली, ड्वेन जाकीट चढवून झाडावरच्या मचाणावर बसला, आणि त्या मोसमात त्या बाजूच्या अख्ख्या रानातलं एकही हरीण त्याच्या आसपास फिरकलं नाही. त्याला वाटलं वारा उलटा आहे. घरी शेकोटीपाशी बसल्यावर जाकीट तापलं आणि उलगडा झाला.

लव्हॉन मर्टलला घेऊन आली तेव्हा बरोबर लिंबाच्या वड्या होत्या. "गोड आहे गं बाई ती," आर्डिसला म्हणाली, "पण ड्वेनला वाटतं, तिला जरा शांत घर हवं." ड्वेन गाडीतून उतरला नाही. पुढे चर्चमध्ये त्यानं माझ्याशी हात मिळवला, पण नेहमीपेक्षा थोडा कमी वेळ. आमच्याकडे ही मारामारीच समजतात.

या सगळ्या काळात बोरघिल्ड माझ्या मागे लागली होती, असं मला वाटत होतं. दिसेल तिथं चौकशी. खाते काय? झोपते कुठं? उडी मारता येते का? एकदा तर कागदाच्या पट्ट्यांनी भरलेली एक मोठी पिशवी घेऊन दारात आली. वर्तमानपत्रं एकसारखी फाडलेली, कडा मऊ केलेल्या.

"रद्दी पडून होती," ती म्हणाली. "मेरिबेथ म्हणाली, लागते."

"आत ये ना, बघ तिला."

"नको. कामं आहेत." आणि गॅरेजच्या खिडकीतून डोकावून बराच वेळ बघत राहिली.

ती गेल्यावर मी आर्डिसजवळ कुरकुरलो, "ही बाई माझ्यावर इन्स्पेक्टरसारखी नजर ठेवून आहे. घ्यायची नाही ती नाही, वर परीक्षा बघते." आर्डिसनं नुसतं नाक शिंकरलं.

थंडी पडली. मर्टलला गॅरेजमध्ये ऊब हवी, म्हणून मी हीटर लावला, आणि हीटरला जागा हवी म्हणून गाडी बाहेर काढली. मिनेसोटातल्या हिवाळ्यात स्वतःची गाडी बर्फात उभी करून रोज सकाळी काच खरवडणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते मला माहीत आहे. शेजाऱ्यांच्या खिडकीतले पडदे हलायचे. मी खुर्ची टाकून मर्टलजवळ बसायचो, तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, मग तेच फाडून तिच्या शूच्या पेटीत घालायचो. आता ती चावायची, पण हलकं. मला वाटायचं, एवढं चालेल, असंच चालू दे.

पण आर्डिसची छाती घरघरायला लागली. माझ्या कपड्यांवरून केस आत येत होते. डॉक्टरांनी तिला श्वासाचा पंप दिला आणि माझ्याकडे रोखून बघितलं. मग मी जिल्ह्याच्या गावातल्या प्राण्यांच्या आसऱ्याला फोन केला. तिथल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मऊ आवाजात सांगितलं, आणा, पण चावणारी आणि पेटीबाहेर शू करणारी मांजर कुणी घेत नाही, जागा थोडी आहे, अशांना शेवटी इंजेक्शन देऊन झोपवावं लागतं, तेव्हा मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. मी सोमवारी आणतो म्हणालो.

शनिवारी आर्डिस सूप ढवळत होती. मी टेबलाशी बसून म्हणालो, "सगळ्यांना विचारून झालं गं. कुणीच उरलं नाही."

"कुणाकुणाला विचारलंस?"

मी नावं सांगितली. वेंडेल, लव्हॉन, मेरिबेथ, पास्टर. "बोरघिल्डलाही विचारलं होतं. अगदी पहिल्यांदा. ती दोनदा नाही म्हणाली."

आर्डिसचा डाव तिथंच थांबला.

"दोनदा?"

"हो."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा नाही विचारलं. ती बोरघिल्ड आहे. ती नाही म्हणाली म्हणजे..."

"ओरिन." तिनं डाव खाली ठेवला. "दोनदा विचारून तू थांबलास? बहीण गेलेल्या बाईला?"

"अगं पण ती पास्टरला..."

"पास्टरला बटाट्यांबद्दल बोलली ती! स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की बोरघिल्ड आपल्यासारखीच आहे. त्या बाईनं रद्दी फाडून आणली, रे! कडा मऊ करून! मला वाटलं तू तीनदा विचारलंयस आणि खरंच नको म्हणालीय, म्हणून मी गप्प बसले. लव्हॉनला नको होती तर तिला तीनदा विचारलंस, आणि हिला हवी होती तर दोनदा! कमाल आहे तुझी." मग तिला शिंका आल्या, आणि शिंकांमधून ती हातानं दार दाखवत राहिली.

मी मर्टलला पेटीत घातलं आणि बर्फातून चालत निघालो. वाटेत मी ठरवलं की या वेळी 'हळवी' म्हणायचं नाही. बोरघिल्डनं दार उघडलं, तिनं आधी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मीच घडाघडा बोलायला लागलो. "बोरघिल्ड, ही चावते. रोज. गाद्यांवर शू करते, वेंडेलची गादी गेली, ड्वेनची शिकार गेली. बुटांच्या नाड्या ठेवत नाही. हिची बोटं तोडलीत आणि ती दुखतात. मी हे कुणालाच सांगितलं नाही आणि सगळ्यांच्या घरी हिला फिरवली. सोमवारी हिला आसऱ्यात नेऊन सोडायचंय आणि तिथून ती परत येणार नाही. घेशील का हिला?"

माझा श्वास संपला. इतकं सरळ मी लग्नाच्या वेळीही बोललो नव्हतो.

बोरघिल्डनं एप्रनला हात पुसले. "बरं," ती म्हणाली, "तू एवढा आग्रहच करतोस तर."

ती बाजूला झाली आणि मी आत पाऊल टाकलं. खिडकीशी पायऱ्यांसारखी मांडलेली तीन स्टुलं होती, सगळ्यात खालचं बुटकं, वरचं उंच, प्रत्येकावर विणलेली छोटी गादी. कोपऱ्यात एक पसरट ट्रे, शाळेच्या स्वयंपाकघरातला असावा, त्यात कागदाच्या पट्ट्या. एका बशीवर झाकण. बशीशेजारची जमीन इतकी पुसलेली होती की ती रोज पुसली जात असणार.

"हे सगळं कधी केलंस?"

"सप्टेंबरात," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा विचारायला तुला हिवाळा उजाडला, ओरिन. मला वाटलं, माझ्या वयामुळे तू मला देत नाहीस."

लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. इतके दिवस रिकाम्या स्टुलांची धूळ झटकत बसलेली ही बाई, आणि मी तिला इन्स्पेक्टर म्हणत होतो.

पेटी उघडली. मर्टल बाहेर आली, घर हुंगलं, बोरघिल्डनं हात पुढे केला तसा तिनं त्याचा कडकडून चावा घेतला. मी डोळे मिटले.

"शाबास," बोरघिल्ड मर्टलला म्हणाली. "नको तर नको म्हणायचं. या गावात कुणीतरी म्हणायला हवंच होतं." आणि हात तसाच तिथं ठेवून बसली. थोड्या वेळानं मर्टलनं त्या हाताचा वास घेतला आणि पहिल्या स्टुलावर चढली, अवघडत, पंजे जपत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. खिडकीत बसून ती बाहेरचं बर्फ बघायला लागली. माझ्याकडे तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. मी रिकामी पेटी उचलली. मग मी हवामानावर बोललो.

दारात बोरघिल्ड म्हणाली, "येशील अधूनमधून तिला बघायला?"

"नको, तुला उगाच त्रास," मी म्हणालो. तोंडाला सवयच ती.

"ये की. कॉफी असतेच."

"नको नको. तुझी कामं असतात."

"बरं," बोरघिल्ड म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

मी पायरीवर उभा. ती आता पुन्हा दार उघडेल आणि तिसऱ्यांदा विचारेल, म्हणून उभा. पाय गारठले. खिडकीत मर्टल होती, तिच्यामागे बोरघिल्डची सावली स्वयंपाकघराकडे गेली आणि तिथंच राहिली. मला यायचं होतं. रोज यायचं होतं. मी त्या बंद दाराकडे बघत राहिलो आणि सप्टेंबरपासून ती कशी बसली असेल ते मला कळलं.

मी दार ठोठावलं.

"काय राहिलं?" बोरघिल्डनं विचारलं.

"उद्या किती वाजता येऊ?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

"चर्चनंतर," ती म्हणाली. "आर्डिसला सांग, केक नको पाठवू. मांजर परत करणार नाहीये मी."